तिकिटावरचा भाऊ

तो माझा भाऊ झाला तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याआधी मी त्याला जेमतेम सात मिनिटं ओळखत होते. ओळखत म्हणजे... रांगेत तो माझ्या मागे उभा होता, इतकंच. त्याच्या कापडी पिशवीचा कोपरा माझ्या कोपराला लागला, तो "सॉरी" म्हणाला, मी मागे वळून बघितलं. उंच, सडपातळ, आणि नाकावरचा चष्मा उजवीकडे असा कललेला की माझे हात शिवशिवले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. वाकडा चष्मा दिसला की मला राहवत नाही.

खरा घोळ घातला बाबांनी.

बाबा पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर, आणि फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीची बित्तंबातमी. गेल्या आठवड्यात त्यांनी पेपरातलं एक कात्रण आईसमोर ठेवलं. शहराच्या इतिहासाची तीन संग्रहालयं, एकच कौटुंबिक तिकीट, एक दिवस, पाच माणसं. तीन साध्या तिकिटांच्या किमतीत पाच जण. बाबा, आई, आत्या, ताई आणि मी, असे आम्ही बरोबर पाच. हिशोब इतका चपखल बसत होता की बाबांना त्यात दैवी योजना दिसायला लागली.

आणि रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ती नर्स आहे, तिची ड्युटी बदलली होती.

"म्हणजे एक माणूस वाया गेला," बाबा रांगेत उभे राहून तिसऱ्यांदा म्हणाले.

"वाया कसा जाईल? तो माणूसच नाहीये," आई म्हणाली.

"त्याची जागा आहे ना. जागा वाया गेली."

एवढं बोलून ते वळले आणि त्यांची नजर माझ्या मागच्या वाकड्या चष्म्यावर पडली. मी त्यांच्या डोळ्यांत ती चमक बघितली आणि मनात म्हटलं, नको...

"एकटेच आहात?" बाबांनी विचारलं.

"हो."

"पूर्ण तिकीट काढणार?"

"हो, म्हणजे... मला खरं तर तिसऱ्याच ठिकाणी जायचंय, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. पण तिकिटं इथेच मिळतात म्हणे."

"काढू नका," बाबा म्हणाले. डॉक्टर सिगारेट सोडायला सांगतात त्या आवाजात. "आमच्यात या."

तो गोंधळला. त्याने बाबांकडे बघितलं, पिशवी छातीशी घट्ट धरली. नाही म्हणायला तोंड उघडलं... मग त्याची नजर माझ्याकडे गेली. मी लाजेने जमिनीत जायची वाट बघत होते.

"चालेल," तो म्हणाला.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, नातं. कुटुंब म्हणजे एकाच आडनावाचं, असं वर ठळक अक्षरात छापलेलं. बाबांनी पेन थांबवलं नाही. पाचव्या ओळीत त्याला आमचं आडनाव लावलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा'.

"अहो," आई त्यांच्या कानाशी पुटपुटली, "निदान भाचा तरी लिहायचं."

"भाच्याचं आडनाव वेगळं असतं."

खाली बारीक अक्षरात आणखी दोन सूचना होत्या. कुटुंबातल्या सर्वांनी तिन्ही ठिकाणी एकत्रच प्रवेश करावा. माहिती खोटी आढळल्यास तिकीट रद्द होईल व दंड भरावा लागेल. बाबांनी आयुष्यभर लोकांना पाण्याच्या बिलामागची बारीक अक्षरं वाचायला लावली होती. स्वतः मात्र ती नेमकी वाचली नाहीत.

*

पहिलं संग्रहालय म्हणजे जुनी नगरपालिकेची इमारत. खापरं, नाणी, कुलपं, वजनकाटे. बाबांनी प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मीटरचे आकडे वाचावेत तशी, एकही अक्षर न गाळता. आत्या त्यांच्या मागे. आत्या म्हणजे बाबांची मोठी, बिनलग्नाची बहीण. राहते आमच्या घरी, पण लक्ष सगळ्या गल्लीवर असतं.

"काय करता तुम्ही?" तिने पाचव्या मिनिटाला त्याला गाठलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"बरं असतं का त्यात?"

"वरखाली होतं."

आत्या हसली नाही. मी हसले. तो माझ्याकडे बघून किंचित हसला आणि लगेच घड्याळाकडे बघायला लागला. हे त्याचं सकाळपासून चौथ्यांदा चाललं होतं. मला वाटलं, कंटाळला बिचारा. कोणाच्या तावडीत सापडला.

कुलपांच्या दालनात एक रखवालदार खुर्चीवर बसून आमच्याकडे टक लावून बघत होता. मला एक माशाच्या आकाराचं कुलूप दिसलं आणि मी सहज हाक मारली, "अहो, हे बघा ना."

रखवालदार खुर्चीतून पुढे झुकला. "भावाला 'अहो' म्हणता?"

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. माझा 'भाऊ' कुलपाकडे अशा एकाग्रतेने बघायला लागला, जणू त्याला ते आत्ताच उघडायचंय.

"आमच्याकडे शिस्त आहे," आत्या मधे पडली. "मोठ्या भावाला मान देतात."

"आणि आईला काय म्हणता?"

"ए आई," मी म्हणाले, कारण तेच खरं होतं.

रखवालदार आमच्याकडे बघत राहिला. आम्ही पुढच्या दालनात सटकलो आणि एका भल्यामोठ्या दगडी रांजणाच्या मागे थांबलो.

"तुम्ही मला 'तू' म्हणा," तो कुजबुजला.

"तुम्ही 'तू म्हणा' म्हणताय."

"म्हणजे... तू म्हण."

"बरं. तू... पण तूसुद्धा."

"मीसुद्धा काय?"

"मला तू म्हणायचंस."

"हो. म्हणतो." त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "तू... तुम्हाला ते कुलूप आवडलं का?"

मी रांजणाला टेकून हसत सुटले. बाबांनी लांबून "शांतता राखा असं लिहिलंय" असं वाचून दाखवलं.

त्यानंतर कोणी गणवेशातलं दिसलं की आम्ही दोघं मोठमोठ्याने "अरे दादा", "अगं ए" करायचो, आणि माणूस गेला की पुन्हा तुम्ही-आम्हीवर यायचो. पण 'दादा' म्हणताना दर वेळी जीभ अडखळायची. खरा भाऊ असता तर अडखळली असती का... हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

*

दुपारी आम्ही दोन संग्रहालयांच्या मधल्या बागेत बसलो. आईने ताईसाठी बांधलेला ब्रेड आणि उकडलेलं अंडं त्याच्यापुढे ठेवलं. तो इतक्या संकोचाने खात होता की आईला तो फार आवडला. तिने आपलं केळंही त्याला दिलं. मला आयुष्यात तिने असं केळं दिलेलं नाही.

"चष्मा काढा," मी म्हणाले.

"का?"

"तो वाकडा आहे. मला सकाळपासून तुमच्याकडे मान वाकडी करून बघावं लागतंय."

"सकाळपासून बघताय?"

मी पर्समधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. उजव्या काडीचा स्क्रू ढिला झाला होता. तो घट्ट करून मी काडी जरा वाकवली आणि चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर ठेवला. दुकानात मी दिवसाला वीस माणसांना असा चष्मा घालते. कानामागे केस सारते, काडी बसवते, पुढचा. पण त्या वीसजणांपैकी कोणी श्वास रोखून धरत नाही. आणि मीही नाही.

"आता कसं दिसतंय?"

"स्पष्ट," तो म्हणाला. त्याने आजूबाजूला कुठेच बघितलं नव्हतं.

आत्याने केळ्याचं साल दुमडत आईला कोपर मारलं. आईने तिला उलटं मारलं.

*

अग्निशमन दलाच्या संग्रहालयात अडीच वाजता पोचलो. खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण तिथे एक पितळी शिरस्त्राण ठेवलेलं होतं आणि शेजारी पाटी होती, 'डोक्यावर घालून पाहा'. बाबांनी सूचनेचं पालन केलं. घातलं ते सहज. निघेना मात्र.

आईने ओढलं, आत्याने ओढलं, तिथल्या कर्मचाऱ्याने साबण आणायला धाव घेतली. शिरस्त्राणाच्या आतून बाबांचा आवाज घुमत होता. "मी घाबरलेलो नाही," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, त्यावरून किती घाबरलेत ते कळत होतं.

तो पुढे झाला. बाबांच्या समोर उकिडवा बसला आणि एका वेगळ्याच, सावकाश आवाजात बोलायला लागला. "काका, ऐकू येतंय? हवा भरपूर आहे. काही होणार नाही. मी इथेच आहे. मोठा श्वास घ्या... सोडा. लहानपणी कुठे राहायचात, सांगा बरं."

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो असाच बोलत असणार. बाबा लहानपणच्या घराबद्दल बोलायला लागले, नळ कुठे होता, पाणी किती वाजता यायचं. त्यांचे खांदे सैल पडले. बोलता बोलता त्याने एका हाताने हनुवटी खाली दाबली, दुसऱ्याने शिरस्त्राण मागून पुढे कलवलं, आणि डोकं बाहेर आलं. साबण आला तेव्हा आम्ही बाबांना वारा घालत होतो.

"चांगला मुलगा आहे तुमचा," कर्मचारी बाबांना म्हणाला.

"आहेच," बाबा म्हणाले. आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत होतं.

यात दीड तास गेला. मग बाबांना राहिलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. तो दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. काळजी होती. मी ती ओळखली आणि जन्मात पहिल्यांदा बाबांच्या हाताला धरून त्यांना एका चिठ्ठीपासून ओढून बाहेर काढलं.

*

टेलिफोन एक्स्चेंजला पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. लाकडी पायऱ्यांची छोटी दुमजली इमारत. दाराशी टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. त्या संग्रहालयाच्या प्रमुख होत्या. त्यांनी आमचं तिकीट नीट वाचलं.

"आई, वडील, आत्या, मुलगी, मुलगा. या. पाचला बंद करते हं. खरं तर मी कोणाची तरी वाट बघत होते." त्यांनी आमच्या मागे, रस्त्याकडे नजर टाकली. "एक गृहस्थ जुना फोटो घेऊन येणार होते. पत्रं तीन पाठवली त्यांनी, पण आज काही फिरकले नाहीत. उद्या नवे फलक छापायला जातायत. आता जे आहे ते तसंच जाईल."

माझ्या शेजारी त्याचा हात पिशवीकडे गेला. आणि परत आला.

तो सरळ आत गेला, भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोसमोर उभा राहिला. मी मागोमाग गेले. फोटोत आठ मुली एका लांबलचक स्विचबोर्डपुढे बसलेल्या, कानावर हेडफोन, हातात वायरी. खाली डावीकडून उजवीकडे नावं. तिसऱ्या मुलीच्या जागी लिहिलं होतं, 'नाव उपलब्ध नाही'.

ती तिसरी मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कोणाचं तरी बोलणं ऐकत गालातल्या गालात हसत होती. ते किंचित हसू मी सकाळपासून बघत होते.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"माझी आई." तो हळूच म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी गेली. बावीस वर्षं इथे कामाला होती. तिच्याकडे हाच फोटो होता, मागे तिच्याच अक्षरात सगळ्यांची नावं आहेत." त्याने पिशवीवर हात ठेवला. "इथल्या बाईंनी कळवलं होतं, रविवारी पाचपर्यंत मूळ फोटो दाखवा."

"मग दाखवा ना. त्या बाई तुमचीच वाट बघतायत."

"कसा दाखवू? तिकिटावर मी तुमचा भाऊ आहे. तिकिटावरची माझी आई तिथे दाराशी उभी आहे. मी खरं बोललो तर तुमचे बाबा चारचौघांत खोटे ठरतील. त्यांनी मला आपलं म्हटलं दिवसभर..." तो थांबला. "असू दे. तिला असल्या गोष्टींचं काही वाटायचं नाही."

"तुम्हाला वाटतं."

त्याने वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं होती.

मी शिस्तीची मुलगी आहे. चारचौघांत आवाज चढवणं मला जमत नाही, गिऱ्हाइकाने चष्मा फोडून परत आणला तरी मी आधी बसा म्हणते. पण मी ताडताड टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "बाई, तो माझा भाऊ नाही."

सगळी इमारत ऐकत होती असं मला वाटलं. खरं तर फक्त आई, बाबा, आत्या आणि त्या बाई होत्या. पण तेवढे पुरे होते.

"मग कोण आहे?" बाईंनी विचारलं.

यावर मी काय सांगणार होते... "ते मला अजून माहीत नाही," मी म्हणाले. "पण त्या फोटोतली तिसरी बाई त्याची आई आहे, बावीस वर्षं इथे कामाला होती. तुम्ही ज्याची वाट बघत होतात तो हाच."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. तिकीट बघितलं. मग आईकडे बघितलं. "आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

"सकाळपासून आई होते," आई म्हणाली. "आता काकू."

आता बाबा. बाबा कधीच चूक कबूल करत नाहीत. एकतीस वर्षांत त्यांचं एकही रीडिंग चुकलेलं नाही, असं ते सांगतात आणि कोणी उलटून विचारत नाही. ते सरळ फोटोपाशी गेले. खाली वाकून सगळी नावं सवयीने मोठ्याने वाचायला लागले. पहिलं, दुसरं... तिसऱ्यापाशी अडखळले.

"नाव उपलब्ध नाही," त्यांनी वाचलं. मग त्याच्याकडे बघितलं, त्याच्या छातीशी धरलेल्या पिशवीकडे बघितलं. "हे घेऊन तू दिवसभर माझ्यामागे फिरत होतास? आणि मी शिरस्त्राण घालून बसलो."

"काका, तसं काही नाही..."

बाबा टेबलापाशी आले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "बाई, फॉर्मवर खोटं मी लिहिलं. याने नाही. दंड काय असेल तो सांगा. पण तिथली नोंद अपुरी आहे, ती आधी पुरी करा. मी नोंदी घेणारा माणूस आहे. बावीस वर्षं काम केलेल्या बाईची नोंद अशी कोरी ठेवत नाहीत."

बाबांनी दंड भरला. घासाघीस केली नाही. आत्याने नंतर सांगितलं, हे तिने लहानपणापासून पहिल्यांदा बघितलं. पावती मात्र त्यांनी मागून घेतली.

त्याने पिशवीतून दोन पुठ्ठ्यांमधला फोटो काढला. बाईंनी तो उलटा करून दिव्याखाली धरला. निळ्या शाईतली आठ नावं, ठसठशीत, तिरकी. तिसरं त्याच्या आईचं. बाईंनी फलकाच्या कागदावरचे ते तीन शब्द लाल पेनाने खोडले, त्याजागी ते नाव लिहिलं, आणि त्याला वाचून बघायला सांगितलं. त्याने वाचलं. मग चष्मा काढून पुसला. त्या काचेवर काहीही नव्हतं, हे मी धंद्यातली म्हणून सांगू शकते.

*

बाईंनी दार पाचला लावलं नाही. बाबांना बाकीच्या फलकांत तीन चुका सापडल्या होत्या. दोघं लाल पेन घेऊन वाद घालत होते, आणि आई-आत्या स्विचबोर्डपुढे हेडफोन लावून एकमेकींना "हॅलो" म्हणत होत्या.

आम्ही दोघं बाहेर लाकडी पायरीवर बसलो. ऊन उतरलं होतं. रस्त्यावरून एक सायकलवाला शीळ घालत गेला.

"तुम्ही नाही म्हणू शकला असतात," मी म्हणाले. "सकाळी, रांगेत."

"म्हणणारच होतो." तो पायरीच्या कडेवर नख फिरवत होता. "पण तुम्ही इतक्या ओशाळला होतात... मी नाही म्हटलं असतं तर तुम्हाला आणखी वाईट वाटलं असतं. आणि पुढे कुठे भेटणार होतात?"

बोलायचं सगळं तिथेच, आमच्या दोघांच्या मधे, त्या वीतभर जागेत बसलेलं होतं आणि दोघंही त्याच्याकडे बघत नव्हतो.

"आईला एकदा इथून मेमो मिळाला होता," तो अचानक म्हणाला. "एक मुलगा रोज संध्याकाळी एका मुलीला फोन लावायचा. जोडणी आईच करून द्यायची. आणि तो काय बोलायचा? आज हवा बरी आहे. तुमच्याकडे वीज आहे का. महिनाभर हेच. ती मुलगीही हो, नाही, एवढंच. ऐकायची परवानगी नव्हती, पण आई ऐकायची."

"मग?"

"एक दिवस त्याने पुन्हा हवेचं काढलं. आईला सहन झालं नाही. ती लाइनवर मधेच म्हणाली, अहो, ती वाट बघतेय, बोलून टाका एकदाचं."

मी हसायला लागले. "बोलला का तो?"

"बोलला. त्या मुलीनेच आईची तक्रार केली, वरिष्ठांकडे. पण लग्नाला आईला बोलावलं होतं त्यांनी."

आतून बाबांचा "हे सालच चुकलंय" असा आवाज आला. तो समोरच्या झाडाकडे बघत म्हणाला, "आज... हवा बरी आहे."

मी त्याच्याकडे वळले. त्याचे कान लाल झाले होते.

"तुमच्या आई आत्ता इथे असत्या तर?" मी विचारलं.

"मधे बोलली असती."

"मग बोला."

त्याने एक मोठा श्वास घेतला, अगदी बाबांना घ्यायला लावला होता तसा. "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "भाऊ म्हणून वावरणं फार अवघड गेलं."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले. आलं होतं. पण आयुष्यात अशी वाक्यं किती वेळा ऐकायला मिळतात...

"मला तुम्ही आवडता," तो या वेळी चांगला खणखणीत म्हणाला.

"मलाही," मी म्हणाले, आणि मधल्या त्या वीतभर जागेत हात ठेवला. त्याने त्यावर आपला ठेवला. तेलाचा, लोखंडाचा पुसट वास असलेला, खरबरीत, ऊबदार.

आमच्या डोक्यावरच्या उघड्या खिडकीत आत्या उभी होती. तिने कानावरचे हेडफोन काढलेले होते, म्हणजे सगळं ऐकलेलं होतं. मी वर बघितलं. ती काहीतरी बोलायला गेली. मग जन्मात पहिल्यांदा तिने ते न बोलता गिळलं, आणि खिडकी हळूच ओढून घेतली.